घरचं गोड लोणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड लोणी करणं सोपं आहे, बिघडवणंही तितकंच सोपं. बिघडतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण एकच असतं: पाणी. लोण्यात राहिलेलं, फळातून आलेलं, गुळाने सोडलेलं, नाहीतर ओल्या चमच्याने आत गेलेलं. खालची बरीचशी उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतात, त्याला इलाज नाही.

गोड लोणी म्हणजे लोण्यात साखर घातली की झालं?

मुळात तेवढंच. गरम पोळीवर लोणी-साखर पसरून केलेली गुंडाळी ज्यांनी लहानपणी खाल्ली आहे त्यांना हे काही नवीन नाही. गोकुळाष्टमीला बाळकृष्णापुढे लोणी-खडीसाखर ठेवतात तेही हेच. फरक इतकाच, की इथे गोडी आणि स्वाद लोण्यात फेटून एकजीव करायचे. मग ते डब्यात भरून ठेवता येतं आणि हवं तेव्हा पावावर, भाकरीवर फासता येतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात मध फेटलेलं लोणी मक्याच्या ब्रेडबरोबर खातात. इंग्लंडमध्ये नाताळच्या पुडिंगवर साखर आणि ब्रँडी घालून फेटलेलं लोणी वाढतात. आपल्याकडे त्यासाठी वेलची, केशर, गूळ, सुंठ, गुलकंद, आटवलेला आमरस एवढा ऐवज घरातच असतो.

बाजारचं बटर चालेल, की लोणी घरीच काढायला हवं?

बिनमिठाचं बटर खुशाल वापरा. बेकिंगचं सामान मिळतं तिथे ते सहज सापडतं. नेहमीच्या पिवळ्या खाऱ्या बटरचा प्रश्न वेगळा. मध, गूळ आणि दालचिनी यांच्याशी मिठाचं छान जमतं, पण केशर आणि गुलकंद त्या खारटपणाखाली दबून जातात. शिवाय त्याचा पिवळा रंग बऱ्याचदा अॅनाटो या बियांच्या रंगाचा असतो, त्यामुळे स्ट्रॉबेरीचं लोणी गुलाबीऐवजी नारिंगी दिसतं. म्हशीच्या दुधाचं घरचं लोणी पांढरंशुभ्र असल्यामुळे केशराचा, फळाचा रंग त्यावर खुलून येतो. गाईचं लोणी तिच्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे मुळातच पिवळसर असतं. तो काही दोष नव्हे.

बाजारच्या बटरची एक बाजू मात्र भक्कम आहे. आपल्याकडच्या नियमानुसार टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी १६ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. घरचं लोणी नीट मळलं नाही, तर त्यात याहून बरंच जास्त पाणी राहतं. पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

साय विरजायची की नुसतीच घुसळायची?

दोन्हीचं लोणी निघतं, पण चव वेगळी. विरजलेल्या सायीच्या लोण्याला हलकी आंबूस चव आणि तो ओळखीचा लोणकढी वास असतो. हे लोणी गूळ, काकवी, सुंठ, तीळ यांच्या जोडीला घ्यावं, कारण त्यांच्या उग्र गोडीला थोडा आंबटपणा लागतोच. केशर, व्हॅनिला, गुलकंद, स्ट्रॉबेरी यांच्यासाठी मात्र न विरजलेल्या ताज्या सायीचं गोडं लोणी घ्यावं.

विरजायचं असेल तर साय कोमट करून त्यात चमचाभर ताजं दही ढवळा आणि सहा-आठ तास ठेवा. थंडीत जास्त वेळ लागेल. नुसतं लागल्यासारखं झालं की लगेच फ्रीजमध्ये टाका, आंबट होईपर्यंत थांबू नका. तुपासाठी विरजताना जी सढळ सूट चालते ती इथे चालत नाही. तूप कढवताना आंबटपणा जळून जातो, गोड लोण्यात तो तसाच राहतो.

सायीचा डबा किती दिवस साठवलेला चालतो?

फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. डबा फ्रीझरमध्ये असेल तर दोन आठवडेही चालतं. त्यापुढच्या सायीला कडवट, जुनाट वास लागतो आणि कितीही वेलची घातली तरी तो झाकला जात नाही. डब्याचं झाकण उघडल्यावर नाक किंचितही मागे आलं तर सरळ तूप करा. गोड लोणी हा शिळी साय खपवण्याचा मार्ग नाही.

आमच्या दुधावर सायच येत नाही, काय करू?

आधी पिशवीवर काय लिहिलंय ते पाहा. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीडच. दूध होमोजिनाइज केलेलं असेल तर स्निग्धांशाचे कण इतके बारीक फोडलेले असतात, की ते वर तरंगून सायीचा जाड थर धरतच नाहीत. दूध वाईट असतं असं नाही, फक्त लोण्याच्या कामाचं नसतं.

सुट्टं म्हशीचं दूध मिळत असेल तर ते मंद आचेवर तापवा, न ढवळता निवू द्या, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी साय काढा. एका लिटरमागे साधारण ४०-५० ग्रॅम लोणी सुटलं तर समाधान माना.

सायीऐवजी विकतचं क्रीमही चालतं. आपल्याकडे खोक्यात मिळणारं फ्रेश क्रीम बहुधा २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. त्याचं लोणी निघतं, पण वेळ लागतो आणि पदरात कमी पडतं. ३५ टक्क्यांच्या आसपासचं दुधाचं व्हिपिंग क्रीम मिळालं तर उत्तम. मात्र केकवाल्यांकडचं गोड ‘नॉन-डेअरी’ क्रीम घेऊ नका. ते वनस्पती तेलाचं असतं, जन्मभर घुसळलं तरी त्यातून लोणी येणार नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी हेवी क्रीम घ्यावं (किमान ३६ टक्के), इंग्लंडमधल्यांनी डबल क्रीम (४८ टक्के). डबल क्रीमचं लोणी इतक्या झटपट सुटतं की यंत्रापासून नजर हलवू नये.

कितीही फिरवलं तरी लोणी निघत नाही, नुसता फेस होतो.

तापमान चुकतंय. सायीतला स्निग्धांश बारीक थेंबांच्या रूपात असतो आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं. घुसळताना हे थेंब एकमेकांवर आपटतात, आवरणं फाटतात आणि थेंब चिकटून त्यांची कणी होते. यासाठी थेंब अर्धवट घट्ट असायला हवेत. साय फार गार असेल तर ते नुसते कडक राहतात, एकमेकांना धरत नाहीत. फार गरम असेल तर तेलकट होऊन परत ताकात मिसळतात. १० ते १५ अंश सेल्सिअस ही सोयीची जागा. म्हणजे फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवलेली साय.

उन्हाळ्यात मिक्सरच्या भांड्यात बर्फाचे दोन-तीन खडे टाका, कारण पात्याच्या घर्षणानेही साय तापते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे उलट करावं लागतं: चार चमचे कोमट पाणी घाला म्हणजे कणी धरते. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि मिक्सर सलग फिरवण्यापेक्षा थांबत थांबत चालवा. आवाज बदलतो तिकडे कान ठेवा. आधी घट्ट, जड घरघर येते. मग एकदम पातळ पाण्यासारखी खळखळ ऐकू आली की समजा, लोणी आणि ताक वेगळं झालं.

रवीने घुसळणाऱ्यांना हे सगळं हाताला कळतंच. मुलं घरात असतील तर घट्ट झाकणाच्या बरणीत साय एक तृतीयांश भरून त्यांच्या हाती द्या. पंधरा-वीस मिनिटं हलवून लोणी निघतं आणि तेवढा वेळ घरात शांतताही मिळते.

लोणी किती वेळा धुवायचं?

खालचं पाणी नितळ दिसेपर्यंत. सहसा तीन-चार पाणी लागतात. पाणी बर्फाचं, निदान माठातलं तरी गार हवं. लोण्यात अडकलेल्या ताकात दुधातली साखर आणि प्रथिनं असतात आणि लोणी आंबतं ते त्यांच्यामुळे. तुपासाठी लोणी काढताना एखादं पाणी कमी पडलं तर बिघडत नाही, कढवताना ते सगळं बेरीत जातं. गोड लोणी कच्चंच खायचं असतं.

धुण्याइतकंच महत्त्वाचं काम पुढचं, आणि ते बहुतेक जण गाळतात: मळणं. लोण्याचा गोळा परातीत घेऊन लाकडी उलथन्याने दाबत, पसरवत, पुन्हा गोळा करत राहा. प्रत्येक दाबाला पाण्याचे थेंब बाहेर येतील. परात तिरकी करून ते ओतून टाका. चार-पाच मिनिटांनी थेंब येणं थांबतं, लोण्याला चकाकी येते आणि ते चिकणमातीसारखं ओढल्यावर ताणतं. शेवटी स्वच्छ सुती पंचाने टिपून घ्या. हाताने मळायचं असेल तर हात आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर अंगाच्या उबेनेच लोणी वितळायला लागेल.

साखर घुसळतानाच घातली तर काम वाचेल ना?

साखर वाया जाईल. ती स्निग्धांशात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणजे ती सगळी ताकाबरोबर निघून जाईल, उरलीसुरली धुताना. गोड ताक प्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. गोडी नेहमी धुऊन, मळून, कोरड्या केलेल्या लोण्यात घालावी.

साखर कोणती आणि किती? माझं लोणी नेहमी करकरीत लागतं.

पिठीसाखर, १०० ग्रॅम लोण्याला २५ ते ३० ग्रॅम. याहून कमी घेतली तर तक्रार नाही, जास्त घेताना विचार करा.

हा आकडा कुठून आला ते सांगते. नीट मळलेल्या १०० ग्रॅम लोण्यात साधारण १६ ग्रॅम पाणी असतं. पाणी साध्या तापमानाला आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट साखर विरघळवतं, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास. तेवढी साखर लोण्यातल्या सूक्ष्म थेंबांमध्ये हळूहळू विरून जाऊ शकते. त्यापुढची साखर कोरडी कणरूपातच राहणार. ती पिठासारखी बारीक असेल तर जिभेला जाणवत नाही, पण तिथून पुढे ते लोणी राहत नाही, केकवरचं आयसिंग होतं. साधी दाणेदार साखर घातली तर विरघळायला दिवस लागतो आणि तोवर दाताखाली करकरते. काहींना ती करकर आवडते. लोणी-साखर-पोळीत ती आवडतेच. पण मग फेटण्याचा खटाटोप कशाला?

पिठीसाखर घरी दळत असाल तर मिक्सर पूर्ण कोरडा हवा, आणि दळल्यावर मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडा मक्याचा स्टार्च असतो. तो फुटलेलं पाणी धरून ठेवतो, म्हणून नवशिक्यांना तीच बरी. खडीसाखर वापरायची इच्छा असेल तर तीही दळूनच. नैवेद्याच्या वाटीत वर चार खडे ठेवा, शोभून दिसतात.

आणि चिमूटभर मीठ विसरू नका. खारट लागेल इतकं नाही, गोडी उठून यावी इतकंच.

फेटायचं कसं?

लोणी मऊ हवं, पण वितळलेलं नको. बोट दाबल्यावर खड्डा पडावा आणि बोटाला तेल लागू नये, इतपत. दुधातला स्निग्धांश तिशीच्या अंशांत पोचला की वितळायला लागतो, त्यामुळे मे महिन्यात मुंबईच्या ओट्यावर ठेवलेलं लोणी ‘मऊ’ राहत नाही, थेट ओघळतं. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करा.

आधी नुसतं लोणी फेटा. हाताच्या व्हिस्कने पाचेक मिनिटं, विजेच्या बीटरने दोन. ते फिकट आणि हलकं होईल. मग साखर दोन-तीन वेळा विभागून. सर्वात शेवटी स्वाद. ओला पदार्थ घालायचा असेल तर एकेक चमचा घालून, पहिला मुरल्यावरच दुसरा. मायक्रोवेव्हमध्ये लोणी वितळवून पुन्हा गार करण्याचा आडमार्ग घेऊ नका. वितळून सावकाश गोठलेलं लोणी रवाळ होतं. तुपात जो रवा आपण कौतुकाने बघतो, तोच लोण्यात खरखरीत लागतो.

गुळाचं लोणी करायचंय. गूळ किसून घालू का?

किसलेला गूळ घातला तर जागोजागी गाठी राहतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या गाठींभोवती तपकिरी पाणी जमतं. गूळ हवेतला ओलावाही ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात हा त्रास दुप्पट. तीन मार्ग आहेत. सर्वात सोपा म्हणजे कोरडी गूळ पावडर चाळून घालणं, १०० ग्रॅमला २५ ग्रॅम. दुसरा, गूळ चमचाभर पाण्यात विरघळवून, गाळून, मधाइतका दाट होईपर्यंत आटवणं आणि पूर्ण निवल्यावर घालणं. कोमट असतानाच घातला तर लोणी त्या जागी वितळेल आणि सगळंच बिघडेल. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: काकवी. कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळं चालू असताना मिळते ती. दोन मोठे चमचे, थोडं मीठ, पाव चमचा सुंठ. याला दुसरा स्वाद लागतच नाही.

फिकट पिवळाधमक गूळ दिसायला छान असतो, पण लोण्यात त्याची चव हरवते. गडद, चॉकलेटी गूळ घ्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी असतंच. त्या दिवसापुरतं लोण्यात गूळ पावडर आणि भाजून भरड कुटलेले तीळ घालून बघा. तीळ निवल्यावरच कुटा, गरम असताना कुटले तर तेल सोडतात. भोगीची भाजी तिखट असेल तर हे लोणी शेजारी हवंच.

मधाचं लोणी?

सगळ्यात भरवशाचं. मध दाट असतो, त्यात पाणी २० टक्क्यांच्या आतच असतं, गाठी होत नाहीत, दळायचं-चाळायचं काम नाही. १०० ग्रॅमला दोन मोठे चमचे आणि हवी तर चिमूटभर दालचिनी. मध गरम करण्याची गरज नाही. फ्रीजमध्ये गोठून रवाळ झाला असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. जांभळाचा किंवा इतर रानातला कडसर मध मिळाला तर तो यात वेगळीच मजा आणतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे: एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात द्यायचा नाही, लोण्यातून चाटवायलाही नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्याला ते झेपत नाहीत. घरातली मोठी माणसं “आम्ही नाही का चाटला?” म्हणतील. त्यांना दुसरं काही गोड द्या, बाळाला नको.

केशर-वेलचीचं लोणी फिकं का लागतं?

केशर सरळ लोण्यात चुरडलं असणार. केशराचा रंग पाण्यात उतरतो, स्निग्धांशात उतरत नाही. दहा-बारा काड्या किंचित गरम करून चुरा आणि एका छोट्या चमचाभर गरम दुधात अर्धा तास भिजवा. चमचाभरच, वाटीभर नको. मग ते पूर्ण गार करून थेंबाथेंबाने फेटा.

वेलचीचं उलट आहे. तिचं सुगंधी तेल स्निग्धांशात छान उतरतं, पण वेळ घेतं. केल्या केल्या चव घेऊन “कमी वाटते” म्हणून आणखी वेलची घालाल, तर दुसऱ्या दिवशी औषधासारखं लागेल. १०० ग्रॅमला चार-पाच वेलच्यांचे दाणे पुरतात. दाणे साखरेबरोबरच दळा म्हणजे बारीक होतात. दालचिनी, जायफळ, व्हॅनिला यांचंही तसंच, एक रात्र द्या. जायफळ तर हात आखडूनच.

आंबा, स्ट्रॉबेरी घालता येईल का? आम्ही घातली तर दही फुटल्यासारखं झालं.

ताजा रस घातला असणार. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच असतं आणि लोणी इतकं पाणी पोटात घेऊ शकत नाही. फळ आधी आटवायलाच हवं. महाबळेश्वरच्या पाव किलो स्ट्रॉबेरी चिरून दोन चमचे साखरेबरोबर मंद आचेवर ठेवा. कालथा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला पाहिजे, इतकं घट्ट होऊ द्या. लिंबाचे चार थेंब, मग गाळणीतून दाबून काढा. यातले दोन मोठे चमचे १०० ग्रॅम लोण्याला. उरलेला पोळीला लावा.

हापूसचा रस असाच आटवा, पण नॉनस्टिक किंवा जाड बुडाच्या कढईत, नाहीतर खाली धरतो आणि लोण्याला जळका वास येतो. परदेशातला डब्यातला पल्प आधीच गोड असतो, तेव्हा साखर चाखून घाला. फळ आणि लोणी दोन्ही एकाच तापमानाला असावीत. फ्रीजमधला गार गर मऊ लोण्यात घातला की फुटण्याची खात्रीच.

ओला नारळ मात्र टाळा. दोन दिवसांत वास मारतो. सुकं खोबरं भाजून, बारीक करून चालेल.

आणखी कोणते स्वाद?

गुलकंद माझ्या मते पहिल्या नंबरचा: दोन चमचे बारीक चिरून, आधी चाळणीत पाक निथळू देऊन, आणि साखर निम्मी. कोको एक मोठा चमचा चाळून. इन्स्टंट कॉफी एक छोटा चमचा, अर्ध्या चमचा गरम पाण्यात विरघळवून. संत्र्याची किसलेली साल, फक्त वरची नारिंगी, पांढरा भाग कडू असतो. भाजलेले बदाम-पिस्ते खायच्या वेळी वरून घाला, आधी घातले तर मऊ पडतात. खाण्याच्या रंगाची गरज कशातच नाही.

फुटलं तर वाचवता येतं का?

बहुतेक वेळा हो. दाणेदार दिसत असेल आणि कडेला पाणी जमलं असेल तर ते थंड पडलंय. भांड्याचा तळ काही सेकंद कोमट पाण्यात टेकवा आणि फेटत राहा, बहुधा पुन्हा मिळून येतं. चकाकून पातळ, तेलकट झालं असेल तर गरम झालंय. भांडं बर्फावर ठेवून फेटा. दोन्ही करून पाणी सुटतच असेल, तर ओला पदार्थ जास्त झाला आहे. पाणी ओतून टाका, आणखी पन्नास ग्रॅम साधं लोणी फेटून त्यात मिसळा.

फ्रीजमध्ये दगड होतं. मऊ कसं ठेवायचं?

खाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. भरपूर फेटून हवा भरलेलं लोणी थोडं मऊ राहतं, मधाचं त्याहून. तेल मिसळून मऊ ठेवण्याची युक्ती सांगितली जाते. करता येते, पण मग चवीचं काय? त्यापेक्षा बटर पेपरमध्ये वळकटी करून गोठवा आणि लागेल तशा चकत्या कापा. गरम पोळीवर ठेवलेली चकती आपोआप पसरते.

किती दिवस टिकतं?

फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत साखरेचं आणि मधाचं दहा-बारा दिवस, गुळाचं आठवडाभर, फळाचं आणि केशर-दुधाचं चार दिवस. फ्रीझरमध्ये दोन महिने, पण बाजूला मासळी किंवा चिरलेला कांदा असेल तर दोन दिवससुद्धा नको. लोण्याइतका वास ओढून घेणारा पदार्थ स्वयंपाकघरात दुसरा नाही. बाहेर ठेवायचं ते जेवणापुरतं. चमचा कोरडा हवा. वास आंबट किंवा साबणासारखा आला, रंग कडेने गडद झाला किंवा बुरशीचा एक ठिपका दिसला तरी पूर्ण टाका. वरचा थर काढून खालचं खाण्याची काटकसर इथे नको.

आजी लोणी पाण्यात बुडवून ठेवायची. गोड लोणी तसं ठेवू का?

साधं लोणी गार पाण्यात किंवा ताकात बुडवून ठेवण्याची रीत चांगलीच आहे. हवा लागत नाही, पाणी रोज बदललं की ताजं राहतं. गोड लोण्याला ती लागू नाही, साखर त्या पाण्यात उतरेल. साधं लोणी पाण्यात ठेवा आणि लागेल तेवढंच टिपून, फेटून गोड करा. खरं तर सगळ्यात उत्तम पद्धत हीच आहे.

उपवासाला चालतं का?

साखर, वेलची, केशर सहसा चालतं. मध, दालचिनी, गुलकंद यांचं घराघरात वेगळं असतं, तेव्हा आपल्या घरच्या मोठ्यांना विचारा. आयसिंग शुगर मात्र नको, त्यात मका असतो.

मधुमेह असेल तर?

साखरेऐवजी मध किंवा गूळ घेतला म्हणून ते मधुमेह्यांचं होत नाही, रक्तातली साखर तिन्हींनी वाढते. शिवाय साध्या लोण्याच्याही १०० ग्रॅममध्ये ७०० हून जास्त कॅलरी असतात. पथ्य असेल तर साखर न घालता नुसतं वेलची-केशर किंवा दालचिनीचं लोणी करा, तेही चांगलं लागतं. किती खायचं ते डॉक्टरांना विचारून.

कशाबरोबर खायचं?

गुळाचं ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर, किंवा गोडं थालीपीठ असेल तर त्यावर. मध-दालचिनीचं टोस्टवर, घावनावर, उकडलेल्या रताळ्यावर (हे नक्की करा). गुलकंदाचं बन पावात भरून कडक चहाबरोबर. केशर-वेलचीचं गरम पोळीवर, आणि शिळ्या पोळीच्या लाडवात तुपाऐवजी. पुरणपोळीवर मात्र तूपच. तिथे गोड लोणी नेऊन दोन्हींचा अपमान करू नये.

निघालेल्या ताकाचं काय करू?

विरजलेल्या सायीचं असेल तर जिरं-मीठ घालून प्या, कढी करा. न विरजलेल्या सायीचं ताक आंबट नसतं, पातळ दुधासारखं असतं, त्याची कढी होत नाही. त्यात कणीक भिजवा, किंवा पॅनकेकचं पीठ कालवा. पहिलं धुतलेलं पाणी झाडांना नको, कुंडीत मुंग्या आणि वास दोन्ही येतात.

गोड लोणी उरलं, जुनं होत आलं. कढवून तूप करू का?

नको. साखर तळाला जाऊन तूप व्हायच्या आधीच करपते, तूप कडू होतं आणि पातेलं घासताना हात भरून येतात. वास ठीक असेल तर ते नानकटाईत घाला. पाककृतीतलं तूप आणि साखर त्या हिशेबाने कमी करा, आणि लोण्यात पाणी असतं म्हणून पीठ चमचाभर जास्त घ्या. फळाचं लोणी नानकटाईत घालू नका, डाग पडतात. ते शिऱ्यात जिरवा: रवा साध्या तुपात भाजून, पाणी घालून फुलला की शेवटी हे लोणी घाला आणि झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ काढा.